एकशे पन्नासच्या आत

दस्तगीर मुलाणींनी सायकल उलटी करून सीट आणि हँडलवर उभी केली, मागचं चाक हाताने फिरवलं आणि तुटलेल्या तारा मोजल्या. सहा तुटल्या होत्या. रिम एका बाजूला इतकी झुकली होती की चाक प्रत्येक फेरीला फ्रेमला घासून जात होतं.

"घेऊन किती दिवस झाले?" त्यांनी विचारलं.

"एकोणीस."

"आणि तुमचं वजन?"

"पंच्याण्णव," मी म्हणाले.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, चाकाकडेच पाहत राहिले. मग सीटखालच्या नळीवर चिकटवलेला छोटा कागद बोटाने पुसून मला दाखवला. त्यावर लिहिलं होतं, कमाल भार शंभर किलो. मी तो आधीच वाचला होता. सायकल घेण्याच्याही आधी वाचला होता.

"खड्ड्यात गेली असेल," मी म्हणाले.

"असेल," मुलाणी म्हणाले आणि हात पुसायला आत गेले.

ही दोन हजार सतरा सालच्या नोव्हेंबरमधली गोष्ट. मी तेव्हा एकोणचाळीस वर्षांची होते आणि मेढ्याला एकटी राहत होते. माझी नोकरी फिरत्या विशेष शिक्षिकेची. ज्या मुलांना दिसत नाही, ऐकू येत नाही किंवा ज्यांना शाळेपर्यंत येता येत नाही, त्यांच्या घरी जाऊन शिकवायचं. माझ्याकडे अकरा मुलं होती. त्यांतली पाच कोयनेच्या पाण्यापलीकडच्या वाड्यांवर. तिकडे जायचं म्हणजे सकाळी एसटीने बामणोली, तिथून लाँचने चाळीस मिनिटं, आणि पलीकडच्या धक्क्यावर उतरलं की सहा किलोमीटर चढ. त्या छोट्या लाँचमध्ये मोटरसायकल चढत नसे. वरच्या वाडीची एक जीप होती, ती यायची तेव्हा यायची. एरवी धक्क्यावर कुणाची तरी मोटरसायकल उभी असायची आणि तिच्या मागच्या सीटवर बसून मी वर जायची.

मला कुणी नाही म्हणायचं नाही. पण बसायच्या आधी माणूस टायरकडे बघायचा. एकदा एका पोराने खाली उतरून अंगठ्याने टायर दाबून पाहिला आणि हवा आहे, बसा म्हणाला. धक्क्यावरची सगळी माणसं हसली. अशा वेळी सगळ्यांच्या आधी मीच हसायची, मला तशी सवय होती. वर्षभरापासून गुडघे दुखत होते, त्यामुळे चालत चढणं संपलं होतं. ऑक्टोबरात आमच्या साहेबांनी मला बोलावून सांगितलं की डिसेंबर संपला की तुम्ही कार्यालयातच बसा, तुमच्या तब्येतीला ते बरं. पलीकडच्या मुलांचं काय, असं मी विचारलं. त्यांच्यासाठी तीन महिन्यांतून एकदा शिबिर घेऊ, असं ते म्हणाले. साहेब वाईट नव्हते. त्यांनी मला चहा पाजला.

त्या पाच मुलांत शेलारमाळावरची तनुजा होती. अकरा वर्षांची, जन्मापासून दिसत नसलेली. तिला मी तीन वर्षांत ब्रेल शिकवलं होतं. आता ती माझ्यापेक्षा भरभर वाचायची, आणि मी अडखळले की तोंडातल्या तोंडात हसायची. साताऱ्याच्या अंध मुलींच्या निवासी शाळेत तिची बारा डिसेंबरला मुलाखत होती. जागा दोनच होत्या. मी कार्यालयात बसले तर तिच्यामागच्या चौघांची अशी तयारी कोण घेणार होतं?

म्हणून मी घडीची, बॅटरीवर चालणारी सायकल घ्यायचं ठरवलं. ती घडी करून एसटीत ठेवता येईल, लाँचमध्ये ठेवता येईल, आणि पलीकडे उघडली की कुणाच्या मागे बसायला नको. दुकानात मी सगळ्यात हलकी सायकल मागितली. मला मजबूत हवी होती हे कळत होतं, पण मजबूत म्हटलं की पुढचा प्रश्न "कोणासाठी" असा येतो. हलकी मागितली की कुणी काही विचारत नाही. सोळा इंची चाकांची, सतरा किलोची, पिवळ्या रंगाची नाजूक सायकल मी घेऊन आले. मोटरने तिला चढावर जीव तोडून ओढलं, पण चाकाने एकोणीस दिवसांत हात टेकले.

मुलाणी बाहेर आले. साठीचे, काटकुळे, कमी बोलणारे. लाँचची इंजिनं दुरुस्त करणं हे त्यांचं मुख्य काम. मेढ्यात त्यांचं छोटं वर्कशॉप होतं आणि वेल्डिंगचं कामही ते करत. सायकलवाल्यांनी मला परत पाठवल्यावर मी त्यांच्याकडे आले होते.

ते म्हणाले, नवीन तारा घालून देतो, महिनाभर चालतील. पण मला या सायकलला पुन्हा हात लावायला सांगू नका.

"दुसरी घेतली तर?" मी विचारलं.

"दुसरी आणा. मी तिला पाहिजे तशी करून देतो. पण मला आकडा बरोबर लागतो, बाई. लाँचवाला मला म्हणाला की वीसच माणसं घेतो, आणि घेत असला तीस, तर मी कसलं इंजिन बसवू?"

कोपऱ्यात भंगार तोलायचा मोठा काटा होता. त्यांनी हाताने तिकडे नुसतं दाखवलं. मी सायकल तिथेच ठेवून घरी निघून आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी वर्कशॉप उघडायच्या वेळी मी तिथे जाऊन उभी राहिले. मुलाणींनी शटर वर केलं, मला पाहिलं, आणि काट्यावरची लोखंडाची कात्रणं खाली काढली. मग ते रस्त्याकडे तोंड करून उभे राहिले. मी चपला काढल्या, नंतर वाटलं की सायकलवर चपला असणारच आहेत, म्हणून पुन्हा घातल्या, आणि काट्यावर चढले. किती वर्षांनी वजन करत होते ते मला आठवेना. दवाखान्यात सांगायची वेळ आली की मी अंदाजे सांगायची, आणि तो अंदाज दर वर्षी तोच असायचा.

"एकशे चोवीस," मी त्यांच्या पाठीला सांगितलं.

"आणि पिशवी?"

"पिशवी सहा किलोची असते."

"म्हणजे एकशे तीस. आपण एकशे पन्नास धरू," असं म्हणून ते वळले. त्यांचा चेहरा कालच्यासारखाच होता. त्यांनी खडूने भिंतीवर दीडशे लिहिलं आणि त्याखाली एक रेघ मारली. मला वाटलं होतं की आकडा बोलल्यावर काहीतरी होईल. झालं एवढंच की त्यांनी मला बसायला स्टूल दिलं आणि सायकल कशी निवडायची ते सांगायला सुरुवात केली.

पुढचे पंधरा दिवस माझ्या आयुष्यातले फार मजेचे होते. मला तेव्हा रात्री नीट झोप लागायची नाही, सकाळ कधी होते असं व्हायचं. मुलाणींनी मला एक कागद लिहून दिला होता. फ्रेम पोलादाची हवी, ती जड असली तरी चालेल. चाक वीस इंची आणि रुंद टायरचं. मागच्या रिमला छत्तीस भोकं हवीत. घडीची कडी हाताने हलवून बघायची, किंचितही खुळखुळली तर सोडून द्यायची. आणि ब्रेक तारेचे नकोत, तेलावर चालणारे डिस्क ब्रेक पाहिजेत. चढावर मोटर तुम्हाला वर नेईल, ते म्हणाले, पण उताराला मोटरचा काही उपयोग नाही, तिथे तुम्ही आणि ब्रेक. हा कागद घेऊन मी साताऱ्यात तीन दुकानं पालथी घातली. तिसऱ्या दुकानात विक्रेत्याने विचारलं, "कोणासाठी हवीय, मॅडम?" मी म्हणाले, माझ्यासाठी. ते म्हणताना कान गरम झाले, पण म्हणाले. त्याने आत जाऊन मागे ठेवलेली एक काळी, अवजड सायकल बाहेर काढली. दिसायला अगदीच रांगडी होती, कुणी घेत नाही असं तो म्हणाला. तिची मर्यादा एकशे वीसची होती आणि वजन सव्वीस किलो. मी रिमची भोकं मोजली. छत्तीस. पिवळी सायकल बदल्यात देऊन मी ही काळी घेतली.

मुलाणींनी ती आली त्याच दिवशी सगळी खोलली. मागच्या चाकाच्या तारा काढून जाड तारा ओवल्या, एकेक तार टिचकी मारून आवाज ऐकत ताणली. सीटची नळी बदलून तिच्या आत दुसरी नळी ठोकली. घडीच्या कडीला एक जास्तीची पिन बसवली, म्हणजे कडी चुकून उघडली तरी सायकल दुमडणार नाही. पेडलजवळचं दात असलेलं चक्र लहान घातलं, म्हणजे चढाला पाय हलके चालतील. नुसती मोटरवर चढवाल तर मोटर तापेल, ते म्हणाले, पाय मारत राहायचे. ब्रेकच्या चकत्या मोठ्या बसवल्या. जुन्या सायकलची स्प्रिंगची रुंद सीट कुठून तरी मिळवली. माझ्या पुस्तकांच्या पिशवीसाठी मागे कॅरिअर वेल्ड केलं, आणि ते असं केलं की मी हसून विचारलं, यावर माझ्या पिशवीखेरीज काय ठेवायचंय? ते म्हणाले, काय ठेवायचं ते तुमचं तुम्ही बघा, दीडशेच्या आत काहीही ठेवा, जबाबदारी माझी. दीडशेच्या वर मला विचारायचं नाही.

राहिला प्रश्न सव्वीस किलो उचलायचा. त्यावरही त्यांनी उपाय काढला. आधी बॅटरी काढून खांद्याला लावायची, आणि घडी केलेल्या सायकलच्या पोटाखाली त्यांनी दोन लहान चाकं लावली. सामानाच्या बॅगेसारखी ती ओढत न्यायची. उचलायची ती फक्त एसटीच्या पायऱ्यांवर आणि लाँचच्या फळीवर.

सगळं झाल्यावर मी बसायला निघाले तर त्यांनी मला थांबवलं. आधी मी, ते म्हणाले. त्यांचं वजन चोपन्न. त्यांनी वाळूची पोती भरली, काट्यावर तोलली, कमी-जास्त करत बरोबर शहाण्णव किलो केली. कॅरिअरवर, हँडलवर, फ्रेमवर दोरीने बांधली, आणि भर दुपारी घाटात जाऊन वरून खाली सुटले. मी खालच्या वळणावर उभी होते. आधी आवाज आला, मग वळणावरून डोक्याला रुमाल बांधलेले मुलाणी दिसले. चारही बाजूंनी पोती, मधे त्यांचा तो लहानसा चेहरा. माझ्यापाशी येऊन त्यांनी दोन्ही ब्रेक दाबले आणि सायकल दोन हातांवर जागच्या जागी उभी राहिली. एका पोत्यातून वाळू सांडत होती.

"ब्रेक तापला," ते म्हणाले, "पण धरला." आणि हे माणूस पहिल्यांदा तोंडभर हसलं. मग पोती सोडून त्यांनी हँडल माझ्या हातात दिलं.

मी बसले. सायकल कुरकुरली नाही. तो चढ मी स्वतः पाय मारत, मोटरची साथ घेत चढले आणि वर पोचल्यावर कुणीच बघत नाही असं पाहून मोठ्याने ओरडले.

बारा डिसेंबरला सकाळी आठ वाजता मी पलीकडच्या धक्क्यावर उतरले. ठरलं असं होतं की वाडीची जीप तनुजाला आणि तिच्या आईला, रंजनाताईंना, धक्क्यावर आणेल, सव्वानऊच्या लाँचने आम्ही तिघी परत येऊ आणि साताऱ्याला बारा वाजता मुलाखतीला पोचू. त्यानंतरची लाँच थेट दुपारी तीनला. सायकल मी आपली सोबत आणली होती, दाखवायला. ती अजून तनुजाने पाहिली नव्हती. पाहणं म्हणजे तिने हात लावून पाहणं.

धक्क्यावर कुणी नव्हतं. काल संध्याकाळपासून जीप खाली आलेली नाही, असं लाँच चालवणारे पांडुरंगबापू म्हणाले. फोनला रेंज नव्हती. मी पाच मिनिटं रस्त्याकडे बघत उभी राहिले, मग सायकल उघडली, पिन लावली, बॅटरी बसवली.

"बापू, सव्वानऊला थांबाल का जरा?"

"दहा पाचला पलीकडची एसटी आहे बाई. माझ्या लाँचमध्ये तिची माणसं असतात. पाच मिनिटं थांबेन, त्याच्यावर नाही."

मी निघाले. तो सहा किलोमीटरचा चढ मी या काळ्या सायकलवर पहिल्यांदाच चढत होते. पहिल्या दोन वळणांतच घामाने डोळे भरले. मोटर घुरघुरत होती, मी पाय थांबवले नाहीत. पुढे कुणाची पाठ नव्हती, हातात कुणाचा शर्ट नव्हता, समोर नुसता रस्ता. मधे एका खड्या वळणावर सायकल चालायची थांबेल असं वाटलं. मी उभं राहून पेडल दाबलं, सायकलने साथ दिली. छत्तीस मिनिटांत मी शेलारमाळावर होते.

तनुजा अंगणात नव्या कपड्यांत, वेण्यांना लाल रिबिनी लावून खुर्चीवर बसली होती. रंजनाताई दारात उभ्या होत्या आणि ओट्यावर शेजारची तीन-चार माणसं. जीप आदल्या संध्याकाळी एका पेशंटला घेऊन लांबच्या रस्त्याने गेली होती, ती परत आलीच नव्हती. तनुजाचे वडील मुंबईला माथाडीत कामाला. वाडीत एकच मोटरसायकल होती, ती बंद पडलेली. चालत निघावं तर रंजनाताईंच्या पायाला गेल्या आठवड्यात विळा लागून टाके पडलेले.

"पुढच्या साली बघू, बाई," रंजनाताई म्हणाल्या. आवाज साधा होता, पण त्यांनी सकाळपासून तनुजाच्या वेण्या तीनदा घातल्या असणार, हे त्या वेण्यांकडे बघून कळत होतं.

तनुजाने हात पुढे केला, कारण तिला सायकलचा आवाज ऐकू आला होता. मी सायकल तिच्याजवळ नेली. तिने हँडल चाचपलं, सीट चाचपली, मग कॅरिअर चाचपलं, त्याच्या सळ्या मोजल्या.

"यावर मी मावते," ती म्हणाली.

ओट्यावरचा एक जण हसला. दुसरा म्हणाला, बाईंनाच सायकल पेलते का बघा आधी. मीही हसणार होते. तोंड हसायला उघडलंसुद्धा. मग ते मिटलं.

"तनुजाचं वजन किती?" मी रंजनाताईंना विचारलं.

"शाळेत तपासणीला केलं होतं मागच्या हप्त्यात. तेवीस. पण बाई, सायकल वाटंत मोडली तर? पोर पडली तर?"

मी अंगणाच्या मधोमध उभी होते. माझ्या आईलाही मी हा आकडा कधी सांगितला नव्हता.

"माझं वजन एकशे चोवीस किलो आहे," मी म्हणाले. "तनुजाचं तेवीस. झाले एकशे सत्तेचाळीस. ही सायकल दीडशे किलो घेऊन घाटातून उतरलेली मी डोळ्यांनी पाहिली आहे. त्याच्या वर मी एक किलोसुद्धा नेणार नाही."

ओट्यावरच्या माणसांना हिशेबात काही चूक सापडेना. रंजनाताईंनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, पण ते बघणं निराळं होतं. एखादा खांब केवढं पेलेल ते माणूस बघतो तसं.

"मग ही पिशवी?" त्यांनी विचारलं.

पिशवी सहा किलोची. मी ती अंगणात ओतली. ब्रेलची दोन जाड पुस्तकं रंजनाताईंच्या हातात दिली. डबा ओट्यावर ठेवला, पाण्याची बाटली ओतून टाकली. मातीची फळं आणि प्राणी मी शिकवायला आणायची, ती तिथेच ठेवली. पिशवीत उरली कागदपत्रं, तनुजाची ब्रेलची पाटी आणि ठिपके पाडायचा टोचा. ती मी हातात तोलून पाहिली. दोन किलो. तनुजा म्हणाली, मी चपला काढू का? मी म्हणाले, चपला राहू दे.

माझं हेल्मेट तिला घातलं. कॅरिअरवर गोधडी बांधली. ती बसली आणि तिने मागून मला मिठी मारली, पण तिचे हात पुढे एकमेकांना पोचेनात. तिने दोनदा ताणून पाहिले.

"बाई, तुम्ही संपतच नाही," ती म्हणाली.

रंजनाताई तशा गडबडीतही हसल्या. मग त्यांनी माझी ओढणी घेतली, आम्हा दोघींच्या भोवती फिरवून माझ्या पोटावर गाठ मारली, ती ओढून पाहिली, आणि बाजूला झाल्या. मी हळूहळू चालत उतरते, तीनच्या लाँचने मागून येते, एवढंच म्हणाल्या. घड्याळात आठ पंचावन्न झाले होते.

पहिल्या उतारावर सायकल एकदम पळायला लागली आणि माझे दोन्ही हात ब्रेकवर गेले. मुलाणींनी शिकवलं होतं की ब्रेक दाबून धरायचा नाही, दाबायचा आणि सोडायचा, दोन्ही हातांनी, वळणाच्या आधी, वळणात नाही. मी तेच तोंडाने म्हणत उतरत होते. मागून तनुजा विचारत होती, आता काय आहे? उजवीकडे दरी आहे, मी सांगितलं. किती खोल? पुष्कळ. मग ती उजवीकडे वाकायला लागली, दरी कशी वाटते ते बघायला, आणि मला ओरडून तिला सरळ बसवावं लागलं. दोन वळणांनंतर तिला समजलं की मी ज्या बाजूला झुकते त्या बाजूला रस्ता वळतो. त्यानंतर ती माझ्याबरोबर झुकायला लागली, आणि पुढे पुढे तर माझ्या आधी, कारण मी ब्रेक दाबला की वळण आलं हे तिने ताडलं होतं. ती मागून सांगायची, डावं, आणि खरंच डावं वळण यायचं. वारा कानात वाजत होता. कुठल्या तरी वळणावर मला कळलं की मी भ्यायचं विसरले आहे.

चौथ्या किलोमीटरला रस्त्यावर खडी पसरली होती. मागचं चाक एकदा सरकलं. मी दोन्ही पाय खाली सोडले, चपला खडीवर खरडत गेल्या, सायकल डगमगली आणि सावरली. आम्ही थांबलो. मी मागे हात नेऊन चाकाच्या तारा चाचपल्या, एकेक टिचकी मारली, मुलाणी मारायचे तशी. सगळ्या वाजल्या. तनुजाने कान देऊन ऐकलं आणि म्हणाली, सारख्या आहेत. ब्रेकच्या चकतीतून तापल्याचा वास येत होता. मला वाटलं, मिनिटभर थांबावं. पण घड्याळ थांबू देत नव्हतं, म्हणून मिनिटभराऐवजी वीसपर्यंत मोजलं आणि निघालो.

पाणी दिसलं तेव्हा नऊ एकोणीस झाले होते. बापूंनी दोर सोडून हातात घेतला होता. लाँचमधली माणसं आमच्याकडे बघत उभी राहिली. पहिल्यांदा कुणाला कळलंच नाही की काय येतंय, मागे लाल रिबिनी उडताहेत, पुढे मी. मी फळीपाशी सायकल उभी केली. ओढणीची गाठ घामाने घट्ट बसली होती, सुटेना. टायर दाबून पाहणारा तो पोरगा लाँचमध्ये होता. तो खाली उतरला आणि त्याने गाठ सोडवली, मग सायकलची एक बाजू धरली. मी दुसरी धरली.

लाँच सुटली. मी फळीवर बसले, तनुजा माझ्या गुडघ्यावर हात ठेवून शेजारी बसली. तिथे पाण्याच्या मधोमध माझ्या लक्षात आलं की एकोणचाळीस वर्षांत माझ्या मागे कुणी बसलं नव्हतं. मी नेहमी कुणाच्या तरी मागे असायची, सीटच्या टोकाला, श्वास धरून, शक्य तेवढी हलकी होऊन. आज मागून कुणी मला धरलं होतं आणि मी श्वास धरला नव्हता.

बाराला दहा कमी असताना आम्ही शाळेत पोचलो. तनुजाला आत नेलं आणि मी बाहेरच्या बाकावर बसले. पाऊण तासाने मुख्याध्यापिका बाहेर आल्या. त्यांनी सांगितलं की वाचन सगळ्या मुलींत चांगलं आहे, आणि सकाळी उठल्यापासून काय केलं असं विचारलं तर ती इतकं बोलली की बाकीचे प्रश्न राहूनच गेले. जागा तिला दिली आहे, पण चार दिवस इथे ठेवून घेऊ, राहते का बघू. संध्याकाळी आई आली की कपडे द्या.

रंजनाताई सहा वाजता लंगडत आल्या. जागा मिळेल या आशेने कपडे, साबण, गोधडी बरोबरच आणली होती. त्या तनुजाला जवळ घेऊन रडल्या. तनुजाला रडायला वेळ नव्हता, तिला दोन मैत्रिणी मिळाल्या होत्या. निघताना मात्र ती फाटकापर्यंत आली आणि माझी बाही धरून उभी राहिली.

"सोमवारी तुम्ही वर जाल," ती म्हणाली. "तेव्हा मागं कोण बसणार?"

"कुणी नाही. पिशवी."

तिला ते पटलं नाही, पण बरं वाटलं.

मी साहेबांना कार्यालयात बसणार नाही असं लेखी कळवलं आणि पुढची सहा वर्षं पलीकडे जात राहिले. तनुजाला मी सांगितलं ते मात्र खरं ठरलं नाही. त्याच सोमवारी खालच्या वाडीचा एक मुलगा मागे बसला, त्याला कानाच्या मशीनसाठी धक्क्यावर आणायचं होतं. नंतर एक तापाने फणफणलेलं पोर, एक शाळा चुकलेली पोरगी, एकदा एक कोकरू. चाकाच्या तारा मी दोनदा बदलून घेतल्या. बसायच्या आधी प्रत्येक जण सायकलकडे बघायचा आणि मग माझ्याकडे. मी वाट बघायची नाही. आधी माझं वजन सांगायची, मग त्यांचं विचारायची.